भगर, धुकं आणि सनसेट पॉइंट

नवऱ्याची नोकरी संपतेय ही बातमी मला नवऱ्याच्या आधी वरच्या मजल्यावरच्या नागपूरच्या मैत्रिणीने दिली. अल खफजी हे एवढंसं गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू, वर कुवेतची सीमा आणि मध्ये आम्ही. इथे बातमी ज्याची असते त्याच्या घरी ती सगळ्यात शेवटी पोचते. संध्याकाळी नवरा आला, बूट काढले, मोजे गुंडाळून बुटात ठेवले, चहा संपवला आणि उद्या पाणी येणार नाही हे सांगावं तशा आवाजात म्हणाला, "करार पुढे वाढवत नाहीयेत. आता इथलीच तरुण मुलं घेणार. बरोबरच आहे म्हणा."

"बरोबर आहे तर मग रडायचं कशाला," मी म्हटलं. रडत कोणीच नव्हतं. पण हे वाक्य मी दुपारपासून तयार ठेवलं होतं, ते वाया कसं घालवणार.

मग त्याने दुसरी बातमी काढली. पश्चिम आफ्रिकेत गिनी नावाचा देश आहे, तिथे डोंगरात एक गाव आहे, गावाजवळ एक खाण आणि तिचा प्लँट आहे, आणि त्या प्लँटला मेंटेनन्सचा जुना माणूस हवा आहे. हे सगळं सांगून झाल्यावर त्याने थोडं थांबून हुकमाचा पत्ता टाकला. "हवा थंड असते."

बाहेर ऑगस्ट चालू होता. खफजीतल्या ऑगस्टमध्ये 'हवा थंड असते' एवढ्या तीन शब्दांवर माणूस कुठेही जायला तयार होईल हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. मी उठून एसी आणखी थंड केला.

माझा बेत वेगळा होता. नाशिकला गंगापूर रोडला आमचा फ्लॅट आहे, घेतल्यापासून बंद. त्याचं स्वयंपाकघर ऐसपैस आहे, खिडकीतून समोरचं कडुलिंबाचं झाड दिसतं. त्या स्वयंपाकघरात मी मनातल्या मनात कित्येक वर्षं राहते आहे. डबे कुठे, मिक्सर कुठे, पाहुण्यांचे कप कुठल्या फडताळात, सगळं ठरलेलं आहे. इथला इकामा, म्हणजे राहायचा परवाना, नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. त्याची नोकरी गेली की माझंही खलास. खफजी सोडावं लागणार हे नक्की होतं. मला वाटलं होतं, आता तरी घरी जाऊ. आणि हा माणूस मला डोंगर दाखवत होता.

असा माल त्याने मला पूर्वीही विकलेला आहे. खफजीला यायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं, तिथे आहे काय? तेव्हा तो म्हणाला होता, समुद्र आहे, कॉर्निश आहे, कुवेत अगदी हाकेच्या अंतरावर आहे. समुद्र होता. कॉर्निश म्हणजे समुद्राकाठचा फरशीचा रस्ता, तोही होता. कुवेत खरोखरच जवळ होतं. व्हिसा लागतो हे त्याने आल्यावर सांगितलं. दोनच वर्षं काढायची आहेत असंही म्हणाला होता. त्या दोन वर्षांत आमची मुलगी पहिलीतून बारावीत गेली आणि आता पुण्यात इंजिनियरिंग करते आहे.

म्हणून या वेळी मी एक अट घातली. म्हटलं, "अहो, तुम्ही आधी जाऊन या. तिथे बघण्यासारखं काय आहे, करण्यासारखं काय आहे, ते नीट बघून मला दाखवा. मग मी ठरवते, तुमच्याबरोबर यायचं की नाशिकला जायचं."

हा टोमणा होता. कुठल्याही बाईला तो टोमणा आहे हे फोनवरूनसुद्धा कळलं असतं. पण माझा नवरा मेंटेनन्स इंजिनियर आहे. त्याला टोमणा कळत नाही, काम कळतं. त्याने मान डोलावली, शिल्लक रजा टाकली, नव्या कंपनीने पाहणीसाठी तिकीट पाठवलं ते घेतलं, आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "सगळं कव्हर करतो."

तो गेल्यावर घरात मी आणि माझा तवा असे दोघेच उरलो. या तव्याबद्दल सांगायला हवं. मी मालवणची. सासर नाशिकचं, शुद्ध शाकाहारी. लग्नाआधी नवरा मोठ्या मनाने म्हणाला होता, तू मासे खा, माझी काही हरकत नाही. हरकत नव्हतीच. फक्त स्वयंपाकघरात नको, घरच्या भांड्यांत नको आणि वास नको. म्हणजे मासा बिनवासाचा हवा आणि तो शिजायला हवा हवेत. मग लग्नात आईने दिलेला बिडाचा तवा बाल्कनीत गेला, तो बाल्कनीतच राहिला. बिऱ्हाडं बदलली, देश बदलला, तव्याची जागा तीच. खफजीच्या बाल्कनीत एक मोडकं कपाट आहे, एक इलेक्ट्रिक शेगडी आहे, आणि ऑगस्टमध्ये तिथे उभं राहिलं की शेगडी लावायची गरजच वाटत नाही. नाशिकच्या फ्लॅटलाही मागे ड्राय बाल्कनी आहे. बिल्डरने नकाशा दाखवला तेव्हा नवरा खुशीत म्हणाला होता, ही बघ, तुझ्या तव्याची सोय झाली.

मी हे हसून सांगते. मैत्रिणींमध्ये तर रंगवून सांगते. पण मला ते लागायचं, अजूनही लागतं. स्वतःच्या घरात आपण जेवतो ते दाराबाहेर ठेवायचं, यात मोठ्या मनाचं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

एक मात्र झालं. इथे बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा मी दम्मामला जाऊन शिकले, पहिल्या फटक्यात लायसन्स काढलं आणि तेव्हापासून मासळीबाजारात माझी मी जाते. सकाळी गाडी काढायची, हमूर नाहीतर शेरी निवडायची, विक्रेत्याशी मोडक्या अरबीत घासाघीस करायची आणि काचा खाली करून समुद्राकाठाने घरी यायचं. हे सोडून मी धुक्यात जाऊन बसावं अशी अपेक्षा होती.

धुक्यात हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. तिथे पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिला रिपोर्ट आला. 'पॉइंट एक, धबधबा.' खाली फोटो. फोटो पांढरा होता. म्हणजे पूर्ण पांढरा, एका कोपऱ्यात नवऱ्याच्या छत्रीची कडा.

मी फोन केला. "हा धबधबा आहे की धुकं?"

"धुकं. धबधबा मागे आहे. थांब, आवाज ऐकवतो."

आणि त्याने मला धबधब्याचा आवाज पाठवला. खासा मोठा धबधबा असावा. आमच्या बाथरूमचा फ्लश बिघडला होता तेव्हा असाच आवाज यायचा, असं मी कळवलं. मुलीने पुण्याहून फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "आई, सीरियसली, किती एस्थेटिक आहे." तिला आईबापांचं सगळंच एस्थेटिक वाटतं, कारण ते लांब आहे.

आपला मराठी माणूस डोंगरावर गेला की डोंगर बघत नाही, पॉइंट बघतो. महाबळेश्वर असो, माथेरान असो, पॉइंट मोजून झाले की सहल झाली. मग स्वेटर घालून फोटो, कणीस आणि परतीची गाडी. नवरा त्याच संस्कारात वाढलेला. तिथल्या लोकांना बिचाऱ्यांना आपल्या गावात पॉइंट आहेत याची कल्पनाच नव्हती. प्लँटमधला एक स्थानिक सहकारी त्याला मोटरसायकलवरून फिरवायचा. नवऱ्याने त्याला विचारलं, तुमच्याकडे सनसेट पॉइंट कुठला? फ्रेंच नवऱ्याला येत नाही, इंग्रजी त्या माणसाला थोडंसंच, त्यामुळे मधला कारभार खफजीच्या अरबीवर चालला होता. तो माणूस म्हणे बराच वेळ विचारात पडला. सूर्य तर सगळ्या गावातच मावळतो. शेवटी त्याने नवऱ्याला बाजारामागे नेलं, जिथे रस्ता संपून उतार लागतो आणि त्याच्या मामाचं बटाट्याचं शेत आहे. तिथे दोघे उभे राहिले. सूर्य ढगाआड होता, तिथेच मावळला असणार.

गंमत पुढे आहे. दोन-तीन दिवसांनी तो सहकारी आपल्या मित्रांना घेऊन पुन्हा तिथे आला. मग मामाही येऊ लागला. संध्याकाळ झाली की आता ही मंडळी बटाट्याच्या शेताच्या कडेला पश्चिमेकडे तोंड करून उभी राहतात, असं मला कळलं. माझ्या नवऱ्याने पश्चिम आफ्रिकेत सनसेट पॉइंट सुरू केला होता.

इको पॉइंटचीही हौस भागवून घेतली. दरीच्या तोंडाशी उभं राहून तो जोरात "यल्ला", म्हणजे अरबीतलं 'चला', असं ओरडला. पलीकडून उत्तर आलं, पण ते त्याचं नव्हतं. धुक्यात कुणी गुराखी होता. तो गुरं तिथेच सोडून चढण चढून वर आला आणि काय काम आहे म्हणून विचारू लागला. त्याला काय सांगावं हे नवऱ्याला सुचेना, म्हणून त्याने त्याला बिस्किटं दिली.

असे रोज रिपोर्ट यायचे. फ्रेंचांच्या काळात लावलेली सुरूची झाडं, त्यांचं वरचं टोक धुक्यात. एक जुना गोल बंगला, छप्पर धुक्यात. बाजारातलं निळीत रंगवलेलं सुती कापड, ते मात्र स्पष्ट दिसलं आणि सुरेख होतं; हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने ते हातभर मोजून विचारलं, "यात साडी बसेल का?" मी म्हटलं, "कोण नेसणार तिथे साडी?" तो म्हणाला, "नाही, सहज विचारलं."

वरची मैत्रीण रोज चहाला यायची आणि माझ्या खांद्यावरून हे फोटो बघायची. एकदा ती म्हणाली, "काहून गं, तुले बोलवून राहिला का भेव दाखवून राहिला तो?"

मी म्हटलं, त्यालाच विचार. पण खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडला होता. 'तू ये' असं तो एकदाही म्हणाला नव्हता. पॉइंट दाखवत होता. आणि तो म्हणत नव्हता म्हणून मीही माझं नाशिकचं तिकीट काढून मोकळी होत नव्हते. त्याने एकदा तोंड उघडून सांगावं, मग मी नाही म्हणेन, असं माझं चाललं होतं.

त्या गावात भेटल्यावर विचारपूस करायची मोठी पद्धत आहे. हे नवऱ्यानेच सांगितलं. आपल्यासारखं 'काय, कसं काय' म्हणून पुढे सटकता येत नाही. घर कसं आहे, मुलं कशी आहेत, झोप लागली का, अंग कसं आहे, असं सगळं क्रमाने विचारतात आणि प्रत्येकाला उत्तर एकच, सगळं शांत आहे. रस्त्यात पाच माणसं भेटली तर पाचांशी हे करायचं. आणि त्यात बायको कशी आहे हे हमखास. "रोज विचारतात," नवरा म्हणाला. "गेटवरचा विचारतो, ऑफिसमधले विचारतात, बटाटेवाला मामा विचारतो."

"मग तुम्ही काय सांगता?"

"बरी आहे म्हणून सांगतो."

आमच्या अख्ख्या संसारात माझी एवढी चौकशी झाली नसेल. मी म्हटलं, "त्यांना माझा नमस्कार सांगा." आणि फोन ठेवून दिला. त्या दिवशी मी उगाचच भांडी आपटत होते.

मग आली भगर. एके दुपारी नवऱ्याचा फोन आला तो इतका खुशीत की मला वाटलं धुकं गेलं. "अगं, हे लोक रोज भगर खातात." तिथे एक बारीक धान्य पिकतं, फोनियो म्हणतात त्याला. दिसायला थेट आपली वरीच. आणि ते खातात कशाबरोबर, तर दाण्याच्या आमटीबरोबर. भगर आणि दाण्याची आमटी. आपल्याकडे उपासाला जे पान वाढतात ते तिथे साधं रोजचं जेवण. नवऱ्याच्या गेस्टहाऊसमध्ये जी बाई स्वयंपाक करायची ती हेच वाढायची, आणि हा पठ्ठ्या इतके दिवस ब्रेडवर काढल्यानंतर दोन्ही वेळ तेच जेवू लागला. "इथे रोजच एकादशी आहे," तो म्हणाला. आमटीला एक छान धुरकट चव असते, तेवढी वेगळी, असंही म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात संकष्टी होती. नवरा संकष्टी सोडत नाही. हे धान्य उपासाला चालतं का, हा शास्त्रार्थ उभा राहिला. मी म्हटलं, हे धान्यच वेगळं आहे, त्याचा आपल्याकडे नियम असणार कुठून? माझं मत त्याने नोंदवून घेतलं आणि नाशिकच्या जुन्या घरी सासूबाईंना फोन लावला. सासूबाईंनी विचारलं, "भगरीसारखं दिसतं का रे?" तो म्हणाला, हुबेहूब. "मग भगरच ती." निकाल लागला. त्याने संकष्टीला दुपारी भगर आणि आमटी पोटभर खाल्ली, रात्री चंद्र धुक्यात असल्यामुळे मोबाइलमध्ये बघून उपास सोडला, आणि सासूबाईंनी बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना सांगितलं की आफ्रिकेतसुद्धा उपासाची सोय होते, आपल्या माणसाला देव कुठेही उपाशी ठेवत नाही.

त्यानंतर चार दिवसांनी दुपारी व्हिडिओ कॉल आला. पॉइंट नव्हता, गेस्टहाऊसचं स्वयंपाकघर होतं. चूल, काळी पातेली, खिडकीत नेहमीचं धुकं. "थांब, आज आमटी कशी करतात ते दाखवतो," नवरा म्हणाला. "तू शिकून घे."

"मी कशाला शिकू?"

त्याने हे ऐकलं नसल्यासारखं केलं. स्वयंपाकाची बाई पुढे आली. आमच्याच वयाची, डोक्याला निळा रुमाल. नवऱ्याने तिला मावशी म्हणायला सुरुवात केली होती आणि ती ओ देऊ लागली होती. तिने हात पुसले, फोनमध्ये माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारपूस सुरू केली. नवरा एकेक करून मला सांगत गेला. घर बरं आहे का विचारतेय. मुलगी बरी आहे का. नवरा बरा आहे का.

"तो त्यांच्याच शेजारी उभा आहे, त्यांनीच बघावं," मी म्हटलं. हे त्याने तिला सांगितलं नाही.

मग तिने माझं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नवरा तिला म्हणाला, "बरी आहे, बरी आहे, अल्हमदुलिल्ला."

"तुम्हाला काय माहीत?" मी म्हटलं.

"काय?"

"मी बरी आहे ते. रोज सगळ्या गावाला सांगत सुटता. मला विचारलंत कधी?"

त्याच्यामागे पातेल्याची वाफ वर जात होती. त्याने फोन चेहऱ्याजवळ आणला, इतका की मला नुसतं नाक आणि चष्मा दिसत होता, आणि विचारलं, "बरी आहेस का?"

मी म्हटलं, "नाही. बरी नाहीये. राग आलाय मला. नाशिकला जायचंय, पण त्या घरात एकटीने जाऊन बसायचं नाहीये. आणि या वयात पुन्हा नव्या गावात जाऊन भाजी कुठे मिळते इथपासून सुरुवात करायची, त्याचाही कंटाळा आलाय. इथे माझी मी गाडी चालवते, ती तिथे कोण चालवू देणार. आणि तुम्ही मला रोज धुकं दाखवताय."

"तूच म्हणालीस ना, बघण्यासारखं काय आहे ते दाखवा म्हणून."

"अहो, तो टोमणा होता."

"मला काय माहीत," तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाला, "गाडी इथे बायका चालवतात. प्लँटची डॉक्टरीण स्वतः चालवते. मी विचारून ठेवलंय."

हे त्याने कधी विचारलं होतं, आणि मग रिपोर्टमध्ये का नव्हतं, हे मला विचारायचं होतं. पण मी म्हटलं, "आमटी दाखवा."

त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि कॅमेरा चुलीकडे वळवला. "हे बघ, दाणे भाजून वाटलेत. हा कांदा. ही मिरची, तिखट असते बरं का. आणि हे आहे ना, हे काहीतरी लाकूड आहे. मसाल्याचं असावं, दालचिनीसारखं. यानेच ती धुरकट चव येते. मी आईला सांगितलंय, येताना घेऊन येतो म्हणून."

मावशीने ते काळपट लाकूड हातात घेतलं, मधून मोडलं आणि उखळात टाकलं. माझं बालपण मालवणला गेलं. आमच्या माजघरात पावसाळ्यासाठी काय काय वाळवून टांगलेलं असायचं, ते मी अंधारातसुद्धा वासावरून ओळखायचे.

"अहो," मी म्हटलं, "फोन जरा जवळ न्या."

"दिसतंय का?"

"दिसतंय. त्या लाकडाला डोळा आहे."

तो वाकला. बराच वेळ वाकून बघत राहिला. मग खफजीच्या बाजारात मला कैकदा म्हणताना ऐकलेला मासळीचा अरबी शब्द त्याने मावशीला हळूच विचारला. "समक?" मावशीला फार आनंद झाला. पाहुण्याला एवढ्या दिवसांनी कळलं तर. तिने उखळातून धुरावलेल्या माशाचं डोकं काढून त्याला नीट दिसेल असं वर धरलं.

नवरा तिथल्या स्टुलावर बसला. फोन त्याच्या मांडीवर पडला असावा, कारण मला आता छप्पर दिसत होतं. छपराकडून आवाज आला, "संकष्टीला मी दोनदा वाढून घेतलं होतं."

मी हसले. इतकी हसले की पोटात कळ आली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यातलं सगळं पाणी हसण्याचं नव्हतं. ज्याच्यापायी मी ऑगस्टच्या उन्हात बाल्कनीत उभी राहून मासे तळले, तो माणूस तिकडे दोन्ही वेळ सुकी मासळी भुरकत होता आणि वर आईला नेऊन देणार होता.

"आईला सांगू नकोस," छप्पर म्हणालं.

"नाही सांगत."

"नक्की?"

"नाही हो सांगत. तेवढं ते लाकूड आणू नका म्हणजे झालं."

मग तोही हसायला लागला. तो हसतो तेव्हा आवाज येत नाही, नुसता हलतो. छप्पर हलत होतं. जरा वेळाने त्याने फोन उचलला. चष्मा पुसला. "चव चांगली होती गं," तो म्हणाला.

"मग मी इतकी वर्षं काय सांगतेय?"

मागे मावशी कुटत होती. तिचं कुटणं संपलं. मग तो म्हणाला, "काल कंपनीचं घर बघितलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पत्र्याचं छप्पर. बघण्यासारखं काही नाही."

"हं."

"बाल्कनी नाहीये."

मी बाल्कनीच्या दाराकडे बघितलं.

"तुझा तवा आत ठेवावा लागेल. स्वयंपाकघरातच." आणि पुढे म्हणाला, "नाशिकला गेलीस तरी आतच ठेव. तू कुठेही गेलीस तरी."

एवढं बोलून त्याने, जेवायला बोलावतायत, असं काहीतरी सांगून फोन ठेवला. जेवायला कोणीही बोलावत नव्हतं. स्वयंपाक व्हायचा होता, आणि तो स्वयंपाकघरातच बसला होता.

मी बाल्कनीचं दार उघडलं. तोंडावर वाफ आली. मोडक्या कपाटातून तवा काढला, आत आणला आणि सिंकमध्ये ठेवून घासला. सकाळी आणलेली शेरी फ्रिजमध्ये होती, तिला हळद-मीठ लावलं. तवा गॅसवर ठेवताना हात जरा थबकला, कोणी बघत नाही ना अशी मागे मान वळली, आणि त्याचाच मला पुन्हा राग आला. मग मी गॅस मोठा केला. तेल तापलं, तुकडे सोडले. वास स्वयंपाकघरात भरला, तिथून हॉलमध्ये गेला, पडद्यांना लागला, बेडरूममध्ये नवऱ्याचे इस्त्रीचे शर्ट टांगलेले होते तिथेही पोचला असणार. मी एकही खिडकी उघडली नाही. फक्त ओट्यावरची उघडीच होती.

तिथून वरच्या मैत्रिणीचा आवाज आला. तिच्या ओट्याची खिडकी माझ्या ओट्याच्या बरोबर वर आहे, बाल्कन्या पलीकडच्या बाजूला. "काय गं," ती म्हणाली, "आज वास इकडून कसा येऊन राहिला?"

मी तुकडा उलटला. बाहेर मान काढून तिला विचारलं, "इथे आत्ता स्वेटर कुठे मिळतील गं?"